खालच्या घरातला खुजा

सहलीला जाताना पाण्याचा मातीचा खुजा बरोबर घ्यायचा की नाही, यावरून सकाळी सात वाजता बहगत मास्तर आणि त्याची मावशी इन्साफबाई यांच्यात बोलाचाली झाली आणि तीत मास्तर हरला. खुजा मिनीबसमध्ये चढला, आणि खिडकीजवळची जागाही त्यालाच मिळाली.

बहगत कफ्र सालमूनच्या शाळेत इतिहास शिकवायचा. गावातल्या चौदा माणसांना एका दिवसात अलेक्झांड्रिया, म्हणजे गावच्या तोंडची इस्कंदरिया, दाखवून आणायची असा त्याने बेत केला होता. बेत कागदावर लिहिलेला होता आणि कागदाला समास आखलेला होता. समुद्रावरचा किल्ला, मासे, जमिनीखालचं भुयार आणि सूर्यास्ताच्या आत घरी. सूर्यास्ताची अट इन्साफबाईंची. त्यांचे यजमान शहाता वारून अकरा महिने झाले होते, आणि त्या अकरा महिन्यांत संध्याकाळच्या बांगेआधी त्या कबरीवर गेल्या नाहीत असा एकही गुरुवार नव्हता. खुज्यातलं पाणी कबरीपाशी लावलेल्या कोरफडीला घालायचं, बडीशेप घातलेले गोड पाव गोरगरिबांना वाटायचे, घटकाभर बसायचं. सहल नेमकी गुरुवारी आली, कारण बाकीच्या दिवशी मिनीबस कुणा ना कुणाच्या लग्नात होती.

"येताना गाडी सरळ कबरस्तानाशी थांबव," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन खुजा घ्यायला वेळ कुठला मिळणार?"

"मावशी, पण फुटला तर?"

"पंधरा वर्षं तुझे काका याच खुज्याचं पाणी प्यायले. त्यांच्या हातून फुटला नाही. आणि त्यांच्या हातून काय काय फुटायचं ते तुला ठाऊक आहे."

मागच्या बाकावरून शहाताची थोरली बहीण अतियात खाकरली. भावाविषयी कुणी वावगं बोललं की ती खाकरायची. इन्साफबाईंनी चाळीस वर्षं हे खाकरणं ऐकलं होतं आणि त्यांना आता त्याचे सगळे अर्थ कळत होते.

इन्साफबाईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता. गावापासून दीड तासाच्या वाटेवर होता, पण कापूस वेचून झाला की नेतो असं शहाता दर वर्षी म्हणायचा, आणि कापूस कधी वेचून होत नसे. किल्ल्याच्या तटावर त्या आल्या आणि खुजा छातीशी धरून उभ्याच राहिल्या. त्यांनी आयुष्यभर पाणी पाहिलं होतं ते कालव्याचं. त्याला बांध असतो, दार असतं, कुणाची पाळी कधी यावरून भांडणं असतात. हे पाणी बिनबांधाचं होतं. एवढं पाणी आणि कुणाच्याच पाळीचं नाही, हे त्यांच्या मनात मावेना.

बहगत सांगत होता की इथे पूर्वी एक दीपगृह होतं, जगात त्याच्या तोडीचं दुसरं नव्हतं, ते भूकंपात पडलं आणि त्याचे दगड या किल्ल्याला लागले असं म्हणतात. इन्साफबाईंनी भिंतीवर तळहात टेकवला. दगड उन्हाने तापला होता, तव्यावरून नुकत्या उतरवलेल्या भाकरीइतका. त्यांनी हात बराच वेळ काढला नाही.

"चल गं," अतियात म्हणाली. "दगड काय, गावातही आहेत."

"वन्सं, हे एकदा पडलेत आणि पुन्हा कामाला लागलेत."

मासे खाताना उशीर झाला. चौदा माणसांत चौदा मतं होती आणि काट्यांवरची चर्चा एकाला ठसका लागेपर्यंत चालली. भुयाराशी पोचले तेव्हा बहगतच्या कागदापेक्षा घड्याळ तासभर पुढे होतं.

त्या भुयाराला शहराच्या त्या भागातले लोक 'खालचं घर' म्हणत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात कुणा धनिकाने खडक पोखरून आपल्या कुटुंबासाठी ते खोदून घेतलं होतं. दारावरच्या पहारेकऱ्याने, दरवीशने, खुजा वरच दाराशेजारच्या फळीवर ठेवायला सांगितला. इन्साफबाईंनी फळी पाहिली, ती उन्हात होती. गाडीत ठेवा म्हणाला, तर ड्रायव्हर पितो म्हणाल्या. मागे रांग खोळंबली. शेवटी दरवीशने म्हातारं माणूस म्हणून डोळेझाक केली. बावीस वर्षांच्या नोकरीतली ही त्याची पहिली डोळेझाक होती, असं नंतर तो सगळ्यांना सांगत होता.

मधोमध विहिरीसारखी खोल पोकळी आणि तिच्याभोवती गोल गोल उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. मधल्या पोकळीतून दोर बांधून मयत खाली सोडायचे, बहगत म्हणाला. बोलणारी माणसं एकेका वळणावर गप्प होत गेली. खाली हवा गार होती, आणि ती गार हवा फार दिवसांपासून तिथेच बसलेली असावी तशी होती. इन्साफबाईंना वाटलं, आपण कुणाच्या तरी घरी न सांगता आलो. त्यांनी पदर सारखा केला आणि दबक्या आवाजात सलाम म्हटला.

डाव्या हाताला एक दालन होतं. तीन बाजूंना खडकातच कोरलेले रुंद ओटे, मधे मोकळी जागा.

"इथे नातेवाईक जेवायला यायचे," बहगतने सांगितलं. "आपल्या मेलेल्या माणसांबरोबर. ओट्यांवर रेलून जेवायचे, आणि जेवण झालं की भांडी फोडून त्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाकायचे. कबरीवरचं भांडं परत घरात न्यायचं नाही अशी रीत होती."

कोपऱ्यात दोरी लावलेला खड्डा होता आणि खड्डाभर तांबूस खापरं. इन्साफबाई बघतच राहिल्या. त्या दर गुरुवारी एकट्याने करत होत्या ते करायला इथे अख्खं दालन कोरलेलं होतं.

"कुठल्या वारी यायचे?" त्यांनी विचारलं.

हे पुस्तकात नव्हतं. बहगतने तसं कबूल केलं. त्याच्या शिकवण्याच्या कारकिर्दीत वर्गाने विचारलेला तो पहिला बरा प्रश्न होता.

बाकीची मंडळी पुढच्या कबरी बघायला गेली. इन्साफबाईंचे गुडघे बोलायला लागले होते, म्हणून त्या ओट्यावर बसल्या. ओट्याच्या कडेला दगडात एक वाटीएवढा खळगा होता. त्यांनी सहज खुजा त्यात ठेवला. खुज्याचं बूड खळग्यात असं बसलं की जणू मापच घेतलं होतं. इथे कुणीतरी दर वेळी इथेच खुजा ठेवत होतं.

तेवढ्यात अतियात परत आली. पुढे अंधार आहे आणि साप कोरलेत, मला बघायचे नाहीत, असं म्हणत ती शेजारी टेकली, आणि टेकता टेकता तिने आपली भलीमोठी पिशवी ओट्यावर सरकवली. खुजा खळग्यातून उठला, ओट्यावरून घरंगळला, दोरीखालून गेला आणि खड्ड्यात पडला.

आवाज मोठा नव्हता, पण ते दालन कोरणाऱ्यांनी तिथलं दबकं बोलणंही सगळ्या कबरींपर्यंत पोचावं अशी सोय केली असावी. फुटल्याचा आवाज पायऱ्या चढून वरपर्यंत गेला. पाठोपाठ खापरांचा ढीग एका बाजूने सळसळत घसरला.

"वाऱ्याने पडला," अतियात म्हणाली. जमिनीखाली तीन मजले.

दरवीश धावत खाली आला. बावीस वर्षांत त्या भुयारात काही फुटलं नव्हतं, कारण फुटायचं ते सगळं आधीच फुटलेलं होतं. घसरलेला ढीग पाहून त्याचा चेहरा उतरला. त्याने दालनाचं जाळीचं दार ओढून कुलूप लावलं आणि वर पळाला. आत इन्साफबाई आणि अतियात. बहगत बाकीच्यांना घेऊन परतला तेव्हा त्याला जाळीमागे आपली मावशी दिसली, मांडीवर पावांचं गाठोडं घेऊन बसलेली, अगदी शांत.

थोड्या वेळाने डॉक्टर मैसून आल्या. औषधाच्या डॉक्टर नव्हत्या, खापरांच्या होत्या. तिशीपस्तिशीच्या, हातात मोजे, कपाळावर दिवा. सहा वर्षं त्या या एका खड्ड्यावर काम करत होत्या. एकेक थर उचलायचा, धुवायचा, क्रमांक द्यायचा. सगळ्यात वरचा थर त्यांनी अजून हलवला नव्हता, कारण तो या घरातल्या शेवटच्या जेवणाचा होता. त्यानंतर इथे कुणीच आलं नाही. तो थर आता ढिगाच्या दुसऱ्या बाजूला पसरला होता, आणि त्यात ओला होता.

"कुणी केलं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

अतियात छताकडे बघत होती. इन्साफबाईंनी एकदा वन्संकडे पाहिलं.

"माझा खुजा होता," त्या म्हणाल्या. "तेवढे माझे तुकडे काढून द्या, बाई. माझ्या माणसाचा आहे तो. त्याच्या ओठांचा आहे."

डॉक्टर खड्ड्याशी वाकल्या. पण अडचण अशी होती की तुकडे काढून कसे द्यायचे. त्यांनी दिव्याखाली एक खापर धरलं, दुसरं धरलं. माती तीच नाईलची. रंग तोच, चाकाच्या रेघा त्याच, जाडी तीच. पाणी सांडल्यामुळे नवं-जुनं सगळं सारखंच ओलं. सहा वर्षांच्या अभ्यासात त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की या मातीने दोन हजार वर्षांत काहीच बदल केलेला नाही. खुजा कुठून घेतला असं त्यांनी विचारलं. गावच्या कुंभाराकडून, इन्साफबाई म्हणाल्या, आणि तो कुठून शिकला असं विचाराल तर त्याच्या बापाकडून. आणि त्याचा बाप? इथे दोघीही थांबल्या आणि दोघींनी खड्ड्याकडे पाहिलं.

मग इन्साफबाईंनी तोड काढली. त्या दर शुक्रवारी खुज्याला आतून रुमी मस्तकीच्या सुगंधी डिंकाची धुरी देत, म्हणजे पाण्याला वास छान येतो. पंधरा वर्षांची धुरी मातीत मुरली होती. "मला एकेक द्या," त्या म्हणाल्या. "मी नाकाने सांगते."

जमिनीवर पांढरं कापड पसरलं गेलं. डॉक्टर खापर उचलून देत, इन्साफबाई हुंगत आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवत. डावं स्वतःचं, उजवं त्यांचं. डॉक्टर मग तेच खापर भिंगाखाली धरून कडा तपासत. नवी फूट असली की कडा उजळ दिसते. दर वेळी नाक आणि भिंग एकच सांगत होतं. दरवीश जाळीला टेकून बघत होता आणि प्रत्येक निकालाला मान हलवत होता. वरून पायऱ्यांच्या पोकळीतून मिनीबसचा हॉर्न ऐकू यायला लागला.

विसेक तुकड्यांनंतर इन्साफबाईंच्या हाती एक खापर आलं. पोटाजवळचं होतं, आणि त्याच्यावर अंगठ्याचा ठसा होता. माती ओली असताना कुणीतरी दाबलेला, पकड बसावी म्हणून. त्यांच्या कुंभाराचीही तीच खोड होती. त्यांनी आपला अंगठा त्यात ठेवला, मग खापर हुंगलं, मग पुन्हा हुंगलं.

"हे तुमचं," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. "वास मस्तकीचा नाही. पण कसलीतरी धुरी आहे. कुणीतरी देत होतं."

डॉक्टरांनी खापर नाकाशी नेलं. त्यांना फक्त ओल्या मातीचा वास आला. मग त्यांनी कडा पाहिली. कडा उजळ होती, ताजी फुटलेली.

"नाही मावशी, हे तुमचं. आज फुटलंय."

"माझं नाही, बाई. माझं नाक मला फसवत नाही."

"माझं भिंगही."

अशा तऱ्हेने दोन बायका एका खापरावरून भांडल्या, आणि दोघींचं म्हणणं एकच होतं की ते दुसरीचं आहे. शेवटी हॉर्न थांबेना आणि बहगत घड्याळ दाखवत राहिला, म्हणून इन्साफबाईंनी हार मानली. शिकलेल्या बाईशी किती वाद घालायचा. ढिगातली थोडी खापरं हुंगायची राहिली ती राहिलीच; डावीकडचे सगळे तुकडे, वादाच्या खापरासकट, पिशवीत बांधून त्या उठल्या. उठण्याआधी त्यांनी गाठोड्यातले पाव काढून दरवीशला दिले, डॉक्टरांना दिले, जाळीबाहेर थांबलेल्या चार परदेशी पाहुण्यांनाही दिले. कुणासाठी, असं डॉक्टरांनी विचारलं.

"आधी माझ्या माणसासाठी. उरलेले यांच्यासाठी," त्यांनी भिंतीतल्या कबरींकडे हात केला. "यांचंही कुणी आलेलं दिसत नाही."

दालनात खायला सक्त मनाई होती. तशी पाटीही होती. डॉक्टर मैसून पाटीखालीच उभ्या होत्या, आणि त्यांनी पाव संपवला.

गाडी शहराबाहेर पडली तेव्हा सूर्य बुडाला होता. कालव्यांत अंधार उतरला. बहगतने दोनदा माफी मागितली. अतियात बराच वेळ खाकरली नाही, मग तिला राहवलं नाही.

"माझा भाऊ आज वाट बघत बसला असेल."

"बसू दे, वन्सं," इन्साफबाई म्हणाल्या. "समुद्रासाठी मी चाळीस वर्षं बसले होते."

अतियात खिडकीबाहेर बघायला लागली. गाव जवळ आल्यावर ती हळूच म्हणाली की पिशवी तिची होती. ठाऊक आहे, इन्साफबाई म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी कबरीवर जाऊन त्यांनी शहाताला सगळं सांगितलं, बिनबांधाच्या पाण्यासकट. मग घरी येऊन अंड्याचं पांढरं आणि चुना कालवला आणि खुजा जोडायला बसल्या. दोन दिवस लागले. सगळे तुकडे बसले, पोटाजवळ एक भोक उरलं आणि हातात एक खापर उरलं, अंगठ्याच्या ठशाचं. त्यांनी ते भोकाला लावून पाहिलं. खापर असं बसलं की कडेला नखही शिरेना. पण त्याचा रंग जरा फिका होता, आणि वास मस्तकीचा नव्हता. नाक बरोबर होतं. जुनं खापरही त्या दिवशी त्यांच्याच खुज्याच्या माराने फुटलं होतं, म्हणून त्याची कडा ताजी दिसत होती.

मावशीने हे सांगितलं तेव्हा बहगतचा चेहरा पांढरा पडला. सरकारी पुरातन वस्तू घरात ठेवणं म्हणजे तुरुंग, असं तो वर्गात दर वर्षी शिकवत असे. त्याने फोन लावला आणि मावशीच्या हाती दिला.

डॉक्टर मैसूननी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचा तुकडा माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "उरलेल्या खापरांबरोबर मी त्याला क्रमांक दिला, मावशी. दुसऱ्या शतकात घातला. काल त्यावर दोन पानं लिहिली."

"चांगलं लिहिलंय ना?"

"फार चांगलं," डॉक्टर खिन्नपणे म्हणाल्या.

रविवारी त्या स्वतः कफ्र सालमूनला आल्या. बरोबर कापूस भरलेली एक लाकडी पेटी, चिमटा आणि छापील फॉर्म. अर्धं गाव अंगणात जमलं होतं. अतियातने इस्त्रीचे कपडे घातले होते, पकडून नेलं तर असावेत म्हणून. डॉक्टरांनी पेटी उघडली, चिमटा काढला आणि खुजा समोर आणा म्हणाल्या.

खुजा सावलीत, माठाच्या तिवईवर होता. अंगावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा, पोटावर ते फिकं खापर, आणि सबंध अंगाला बारीक घाम सुटलेला. जुन्या तुकड्यावरही थेंब होते.

"गळतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"झिरपतो. झिरपायलाच हवा, त्याशिवाय पाणी गार होत नाही." इन्साफबाईंनी पेला भरून पुढे केला. "दीड तास उन्हातून आलात. आधी पाणी घ्या, मग काय ते काढा."

डॉक्टर मैसूननी सहा वर्षांत हजारो खापरं धुतली, मोजली, चितारली होती. त्यांतल्या एकातूनही त्या कधी पाणी प्यायल्या नव्हत्या. त्यांनी पेला ओठांना लावला आणि थांबून थांबून संपवला. मग त्यांनी पेला परत पुढे केला, आणि इन्साफबाईंनी तो पुन्हा भरला.

दुसरा पेला संपल्यावर त्यांनी चिमटा पेटीत ठेवला, पेटीचं झाकण लावलं आणि त्या झाकणावरच फॉर्म ठेवून भरायला घेतला. सापडल्याचं ठिकाण, माती, काळ, अंदाजे माप. पहिले रकाने त्यांनी झरझर लिहिले. 'वस्तूची सद्यस्थिती' या रकान्याशी पेन थांबलं. तिथे सहसा त्या 'भग्न' असं लिहीत. हजारो वेळा लिहिलं होतं.

त्यांनी एकदा तिवईकडे पाहिलं आणि लिहिलं, 'वापरात'.